घळीत राहिलेलं रान

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, पहाटेचे साडेचार. कर्जत तालुक्यातलं खांडस गाव अजून झोपेत आहे आणि तुम्ही गणेश घाटाच्या वाटेला लागला आहात. पाठीवर पाण्याच्या दोन बाटल्या, हातात काठी. पायाखाली सागाची वाळकी पानं पापडासारखी मोडतात आणि त्या आवाजानं तुमचे तुम्हीच दचकता. वारा नाही. घाम मात्र पहिल्या चढालाच फुटला आहे.

उजाडता उजाडता चढ जरा मोडतो आणि पदरवाडीची घरं दिसू लागतात. शेजारी पदरगड उभा आहे. दोन्ही नावांत पदर आहे, आणि आज तुम्हाला हाच शब्द लागणार आहे. सह्याद्रीत पदर म्हणजे दोन कड्यांच्या मधला सपाट टप्पा. खालचा कडा चढून यायचं, पदरावर दम खायचा आणि मग वरच्या कड्याला भिडायचं. त्या वरच्या कड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 1000 मीटरवर, भीमाशंकरचं देऊळ आहे. तिथवर आज जायचं नाही. वाटेपासून थोडं बाजूला, वरचा कडा जिथे आत दुमडला आहे, तिथल्या घळीच्या तोंडाशी एक मोठा काळा दगड आहे. त्यावर बसा. घळीला नाव नाही. असलंच तर ते वाडीतल्या माणसांना ठाऊक. अशा घळी या डोंगरात जागोजाग आहेत.

आता बसल्या जागेवरून नुसती मान फिरवा. उजव्या हाताला डोंगराची सोंड खाली उतरते. तिच्यावर करवंदीच्या जाळ्या, गुडघाभर वाळकं गवत, मध्येच एखादा कुंभा, एखादी काटेसावर. डोक्यावर छप्पर असं नाहीच. तुमच्या पाठीमागे पदराची सपाटी. तिथे ऐन, हिरडा, आंबा, जांभूळ, त्यांचे शेंडे एकमेकांना अर्धेमुर्धे भिडलेले आणि खाली कारवीच्या उभ्या काठ्या. समोर घळीत मात्र सकाळ झालीच नाही. वर पारजांभूळ, पिसा आणि जुने आंबे. त्यांच्या सावलीत अंजनी. अंजनीच्या खाली कोवळी रोपं आणि नेचे. खोडाखोडांतून गारंबीचा वेल अजगरासारखा लोंबतो आहे. सगळ्यात खाली इतका पालापाचोळा की काठी खुपसली तर वीतभर आत जाते आणि बाहेर निघते ती ओली.

शंभर पावलांच्या आत ही तीन रानं. पाऊस तिघांवर सारखाच पडतो, जून ते सप्टेंबर, धो धो. पुढचे आठ महिने आभाळातून जवळजवळ काहीच येत नाही. त्या आठ महिन्यांत कोण तगेल हे जमिनीच्या उतारावर ठरतं. सोंडेवर पडलेलं पाणी पाऊस थांबला की वाहून जातं. पदर ते काही महिने धरून ठेवतो. घळ मात्र मे महिन्यातही ओलावा सोडत नाही, कारण तिच्यात वरून येणारी माती साठते, झरा पाझरतो आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे कललेला सूर्य तिच्या तळाशी जेमतेम डोकावतो.

दगडावर हात ठेवा. तो जागचा हलणार नाही. हलणार आहे तो काळ.

हात भाजला? साहजिक आहे. तुम्ही 6.6 कोटी वर्षं मागे आला आहात आणि तुमच्या दगडाचा अजून रस आहे. हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आजच्या रियुनियन बेटाच्या आसपास, हिंदी महासागरावरून उत्तरेकडे सरकतो आहे. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आहेत आणि त्यांतून लाव्हा पुरासारखा पसरतो आहे. एक थर येतो, थिजतो. मग कधी पुष्कळ काळ काहीच घडत नाही. त्या उसंतीत थराचा माथा कुजून त्याची लाल माती होते. पुढचा लाव्हा येऊन ती माती भाजून काढतो, विटेसारखी. असे थरावर थर. खाली उतरताना वाटेच्या कडेला कातळात लाल पट्टा दिसला तर थांबा, त्यावर बोट फिरवा. दोन लाव्हांच्या मधली ती उसंत आहे.

या खडकाला जगभर ‘ट्रॅप’ म्हणतात. तो शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आला. पायऱ्या पडल्या त्याही खडकाच्या स्वभावामुळे. घट्ट बसाल्ट उभा फुटतो, त्याचा कडा होतो. बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला थर लवकर झिजतो, त्याचा उतार आणि पदर होतो. लाल पट्टा पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून ते त्याच्या वरच्या अंगानं बाहेर पाझरतं आणि तिथे झरा लागतो. पुढे पश्चिमेकडची जमीन तुटून अलग झाली, तिथे समुद्र आला आणि त्या तुटक्या काठाला पाणी कोट्यवधी वर्षं कोरत राहिलं. काठ मागे मागे, पूर्वेकडे सरकत गेला. जिथे खडकाला तडा होता तिथे पाणी जास्त आत शिरलं आणि घळी पडल्या. एकही आंबा, एकही पिसा इथे उगवण्याच्या कितीतरी आधी रानाचा नकाशा काढून झाला होता.

आता एकदम पुढे या. वीस हजार वर्षांपूर्वी.

अंगावर काहीतरी पांघरा, पहाट गार आहे. पश्चिमेकडे बघा. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली गेली आहे. मुंबईसमोरचा उथळ समुद्रतळ उघडा पडून सपाट जमीन झाला आहे आणि किनारा पार पश्चिमेला सरला आहे. जगाच्या दोन्ही टोकांना बर्फ साठला आहे, आणि आपला मोसमी पाऊस अशक्त झाला आहे. तो येतो, पण त्याच्यात जोर नाही. इथून दूर दक्षिणेला, निलगिरीच्या उंच दलदलीत, त्या काळातल्या वनस्पतींचे अवशेष पीटच्या थरांत शिल्लक आहेत. ते तपासणाऱ्यांना दिसलं की कोरड्या काळात तिथे उष्ण प्रदेशातल्या गवतांचं राज्य होतं, आणि पाऊस वाढला तशा ओल्या हवेत वाढणाऱ्या वनस्पती परतल्या. निलगिरीतच ही गत, तर इथे सह्याद्रीच्या उत्तर अंगाला काय झालं असेल याचा अंदाज करता येतो.

पदरावरचं दाट रान गेलेलं आहे. तिथे गवत आहे, विरळ उभी काटेरी झाडं आहेत, उन्हाळ्यात पानं टाकून गप्प बसणारी. सोंडा उघड्या पडल्या आहेत. शेंड्यांचं छप्पर मोडलं की खालचे मजले आपोआप रिकामे होतात. सावलीवर जगणारं रोप उघड्या उन्हात दोन उन्हाळे काढू शकत नाही. अंजनी दिसत नाही. नेचे दिसत नाहीत.

घळीत उतरा. जपून, दगड सुटे आहेत. दहा पावलं, वीस पावलं, आणि हवा बदलते. नाकाला ओल्या मातीचा वास येतो. लाल पट्ट्याच्या वरच्या अंगानं झरा अजून पाझरतो आहे, बोटभर धारेचा. त्याच्या दोन्ही काठांना सदाहरित झाडं दाटीनं उभी आहेत. फार नाहीत. पण वरचा मजला आहे, मधला आहे, जमिनीवर ओली पानं आहेत आणि त्या पानांत गोगलगाय चालली आहे. डोंगरभर पसरलेलं घर एका खोलीत आवरून घ्यावं तसं हे रान इथे आवरून बसलं आहे. बाहेर हजारो वर्षं कोरडी जातील. या खोलीतली बी रुजत राहील, झाड होत राहील, पडत राहील.

माझ्या मते सह्याद्रीतल्या रानाची खरी गोष्ट या घळीत आहे. आपण रान पाहायला माथ्यावर जातो, कड्यावर उभं राहून फोटो काढतो. रान जगलं ते खाली, आडोशाला.

दहा हजार ते आठ हजार वर्षांपूर्वीचा काळ भरभर पाहू, कारण तो सुखाचा आहे. पाऊस परत जोर धरतो. समुद्र वर चढतो. घळीतून झाडं बाहेर पडतात, आणि ती कशी बाहेर पडतात ते बघण्यासारखं आहे. झाडाला पाय नसतात. पिशाची आणि जांभळाची फळं पाखरं खातात, उदमांजर खातं, आणि बी पदरावर कुठेतरी पडते. पण उघड्यावर पडलेली बी बहुतेक मरते. जिथे आधीच एखादं ऐनाचं किंवा आंब्याचं झाड उभं आहे, त्याच्या सावलीत पडली तरच ती तग धरते. म्हणून सदाहरित रान पदरावर एकदम पसरत नाही. ते सावलीतून सावलीत सरकतं. आधी घळीच्या ओठावर, मग झऱ्याच्या ओहोळाकाठी, मग पदराच्या खोल मातीत. सोंडेपर्यंत ते कधीच नीट पोचत नाही. तिथे माती मूठभर, वारा भन्नाट. माथ्यावरच्या सड्यावर तर झाडाला मूळ रोवायला जागाच नाही. तिथे पावसाळ्यात तेरडा आणि सोनकी फुलतात, आणि ते फुलणं तिथलं पूर्ण रान आहे. उघडा कातळ रिकामा असतो असं समजून जे तिथे खड्डे खणून झाडं लावतात, त्यांनी एकदा श्रावण-भाद्रपदात येऊन पाहावं.

साडेतीन हजार वर्षांपूर्वी माणसाचा धूर दिसतो, पण इथे नव्हे. भीमाशंकरच्या उत्तरेला उगम पावणारी घोड नदी पूर्वेकडे देशावर उतरते. तिच्या काठी, आजच्या शिरूर तालुक्यात, इनामगावला शेतकऱ्यांची वस्ती आहे. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात ती खणून काढली. ही माणसं जव-गहू पिकवतात, नदीचं पाणी पाटानं वळवतात, लाकडाचे वासे रोवून घरं बांधतात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास त्यांची मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात. उत्खनन करणाऱ्यांपैकी म. के. ढवळीकरांनी त्याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी लावला. घाटमाथ्यापासून पूर्वेकडे जावं तसा पाऊस झपाट्यानं ओसरतो. त्यामुळे आभाळानं हात आखडला की आधी पूर्वेकडचं रान विरळ होतं. इथला पदरही थोडा विरळ झाला असेल. घळीला त्याची झळ क्वचितच लागली असेल.

उत्तरेला नाणेघाटातून सातवाहनांचे व्यापारी तांडे चढतात, लेण्या खोदल्या जातात, लोखंडी कुऱ्हाड सर्वत्र होते. पुढची दीड हजार वर्षं वाटांच्या आजूबाजूचं रान कमीजास्त होत राहतं. आपण थेट अठराव्या शतकात उतरू.

1740च्या आसपासचा वैशाख. वरून घंटेचा आवाज येतो आहे का ऐका. वसईचा किल्ला 1739 साली चिमाजी अप्पांनी घेतला आणि तिथल्या पोर्तुगीज घंटांपैकी एक भीमाशंकरला आली. देवळाच्या शेजारच्या रानात आवाज मुरतो, इथवर पोचत नाही. पण पदरावर माणसं आहेत. महादेव कोळी बाप आणि त्याचा दहा-बारा वर्षांचा मुलगा ऐनाच्या झाडावर चढून फांद्या सवळत आहेत. झाड तोडत नाहीत, फक्त फांद्या. खाली आई त्या फांद्या उताराच्या तुकड्यावर पसरते, वर शेण, पालापाचोळा आणि माती. हा राब. तो भाजला की त्या राखेत नाचणीचं, भाताचं रोप जोमानं येतं.

मुलगा शेजारच्या आंब्याकडे सरकतो तसा बाप ओरडतो, “आरं, त्याला नको हात लावू. आंबा हाय त्यो.”

“न्‌ ह्यो हिरडा?”

“हिरडा बी ऱ्हाऊ दे.”

नीट पाहा, कारण पदरावरच्या रानाचे मजले आता माणूस ठरवतो आहे. वरच्या मजल्यावर आंबा आणि हिरडा राहतात, कारण ते देतात. हिरड्याची कोवळी फळं, बाळहिरडा, इथल्या घरांना आजही रोख पैसा मिळवून देतो. ऐन राहतो, पण दरवर्षी सवळून सवळून ठेंगणा आणि गाठाळ होतो. मधला मजला, अंजनीचा, राबात जातो. त्या जागी ऊन शिरतं आणि उन्हाबरोबर कारवी. एकाच पदरावर पाच हात सपाटी असेल तिथे शेत, दहा हात चढ असेल तिथे वरईचा तुकडा, आणि कडा सुरू झाला की रान. उतार किती आहे त्यावर कुऱ्हाड कुठे थांबते ते ठरतं.

घळीत मात्र कुणी जात नाही. तिथे शेंदूर लावलेला एक दगड आहे. त्याच्या आसपासची काटकीसुद्धा उचलायची नाही, पडलेलं झाड तिथेच कुजू द्यायचं, असा दंडक आहे. देवराईची जागा निवडणाऱ्या माणसांनी झरा पाहिला असेल, सावली पाहिली असेल, भीतीही वाटली असेल. वीस हजार वर्षांपूर्वी ज्या खोलीत रान आवरून बसलं होतं, तीच खोली त्यांनी देवाला दिली. 1970च्या दशकात माधव गाडगीळ आणि वनस्पतितज्ज्ञ वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवराया हिंडून पाहिल्या, तेव्हा आजूबाजूला न उरलेली झाडंझुडपं त्यांना अशा ठिकाणी उभी दिसली.

1890. कानाला आधी काय लागतं? कुऱ्हाडींचा ठोका. नंतर, रात्री खूप शांत झाल्यावर, खाली दूर कर्जतच्या बाजूनं इंजिनाची शिट्टी. मुंबई-ठाणे गाडी 1853 साली सुरू झाली, बोरघाट 1863 साली रुळांखाली आला. रुळांना स्लीपर हवेत, शहराला इमारती लाकूड हवं, चुलींना कोळसा हवा. 1878 सालच्या कायद्यानं रानावर रेघ ओढून राखीव जंगल वेगळं काढलं आणि राबासाठी फांद्या तोडणारा माणूस गुन्हेगार ठरू लागला. ठाणे-कुलाब्यात त्यावरून इतकी ओरड झाली की 1880च्या दशकात मुंबई सरकारला चौकशी आयोग बसवावा लागला. मला याचं दुःख वाटतं. ज्या माणसांनी आंबा-हिरडा राखला त्यांच्याकडे बोट दाखवलं गेलं आणि गाड्या भरून लाकूड कायदेशीरपणे खाली गेलं.

तुमच्या दगडावरून ही तोड कशी चालते ते स्पष्ट दिसतं. खांडसच्या बाजूचा सखल उतार सगळ्यात आधी बोडका होतो, कारण तिथे बैलगाडी जाते. तिथलं रान पुढे पुन्हा उठेल, पण तोडलेल्या सागाच्या बुंध्यांना फुटवे येऊन. एकाच वयाचं, एकाच उंचीचं, एका मजल्याचं. पहाटे तुम्ही चढून आलात ते हेच रान. पदरावर गाडी येत नाही, डोक्यावरून भारे येतात. म्हणून इथे निवडून तोड होते, कोळशाच्या भट्ट्या लागतात, आणि भट्टीच्या जागी जमीन कित्येक वर्षं काळी राहते. घळीच्या तोंडाशी एक मोठा आंबा पाडला आहे. तो खाली न्यायचा कसा हे कुणालाच सुचलं नाही, म्हणून तो तिथेच पडून आहे. कडा चढायला माणूस जातो, पण खांद्यावर ओंडका घेऊन उतरायला जात नाही. घळ दुसऱ्यांदा वाचली ती तिच्या उभ्या भिंतींमुळे.

आता काळ सैल सोडा, वर्षं टपटप पडू द्या, आणि फक्त पदराकडे बघा. तोड थांबली आहे, ऊन जमिनीवर आलं आहे, आणि कारवीनं सगळा उतार घेतला आहे. एक, दोन, तीन पावसाळे. ती पुरुषभर वाढते, इतकी दाट की कुत्रंही आत शिरत नाही. वाडीतली माणसं तिच्या काठ्या कापून कुडाच्या भिंती करतात. सातव्या वर्षी, पावसाळा सरता सरता, अख्खा उतार जांभळा होतो. मधमाश्यांचा घुमारा दगडावर बसूनही ऐकू येतो. मग बी धरते आणि सगळी कारवी एकदम मरते. रानाचा एक पूर्ण मजला एका हंगामात कोसळतो. पहिल्या पावसात तिची सुकलेली बोंडं टचटच फुटतात, आणि जमिनीवर कोवळ्या रोपांचा गालिचा. पुन्हा सात वर्षं.

याच फटीत रान पुढे सरकतं. कारवी मरते त्या एक-दोन वर्षांत जमिनीला ऊन मिळतं, आणि घळीच्या कडेकडून पाखरांनी आणून टाकलेली पिशाची, जांभळाची, अंजनीची रोपं मान वर काढतात. नवी कारवी त्यांना गाठायच्या आत ती हातभर उंच झाली तर तरली. दर फेऱ्यात थोडीच तरतात. दुसऱ्या फेऱ्यात ती कारवीच्या वर डोकं काढतात. चौथ्या-पाचव्या फेऱ्यात त्यांची सावली इतकी पडते की कारवी विरळ होऊ लागते. तीस-पस्तीस वर्षं अशी जातात, तेही वणवा आला नाही तर. वणवा आला की हातभर रोपं आधी जळतात आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सोंडेजवळच्या उतारावर तर गवतामुळे वणवा वरचेवर येतो, म्हणून तिथली मोजणी कधी पुढे जातच नाही. घळीच्या अंगाला ओलीमुळे आग विझते. पुन्हा तेच, तिथूनच रान बाहेर येतं.

1985 साली हा भाग अभयारण्य झाला, मुख्यतः शेकरूसाठी. शेकरू राज्यप्राणी आहे हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण वर पाहा. घळीच्या माथ्यावर, फांद्यांच्या दुबेळक्यात, काटक्या-पानांचं एक गोल घरटं आहे, आणि तो पाहा, तांबूस अंग, लांब झुपकेदार शेपूट. एका झाडावरून दुसऱ्यावर पाच-सहा मीटर उडी. जमिनीवर उतरणं त्याला जिवावर येतं. त्याच्यासाठी रान म्हणजे सलग वरचा मजला. तो जिथवर जातो तिथवर शेंडे जुळले आहेत, आणि तो थांबतो तिथे जुळायचे राहिले आहेत. सोंडेच्या अलीकडच्या शेवटच्या आंब्यावर तो थांबला. परत फिरला.

पावसाळ्याची एक रात्रही इथे काढा. जुलै. बॅटरी बंद करा आणि डोळे सरावू द्या. घळीतल्या पडलेल्या फांद्यांवर हिरवट उजेड दिसू लागतो, मंद, धुक्यासारखा. कुजक्या लाकडावरची बुरशी चमकते आहे. ज्या रानात मेलेलं झाड उचलून नेत नाहीत, जिथे सावली मोडलेली नाही आणि ओल टिकते, तिथेच असा उजेड दिसतो. सगळ्यात खालच्या मजल्याची तब्येत त्यावरून कळते.

पुढची सकाळ मात्र कठीण आहे. 30 जुलै 2014. या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, आंबेगाव तालुक्यात, माळीण गावावर पावसानं भिजलेला डोंगरउतार खाली आला. 151 माणसं गेली. मी इथे कारणांचा हिशेब मांडणार नाही. एवढंच पाहा, की खडकावरची माती ही उतारावर ठेवलेली वस्तू आहे. ती पाण्यानं जड होते, आणि मुळं खडकाच्या फटींपर्यंत गेलेली असतील तर तिला पकडून ठेवणारं काहीतरी असतं. प्रत्येक मजल्याची मुळं वेगळ्या खोलीवर जातात. गवताची वीतभर, कारवीची हातभर, आंब्याची कितीतरी खोल. सगळी एकमेकांत गुंतलेली हवीत. त्यानंतरही दर पावसाळ्यात सह्याद्रीत कुठे ना कुठे उतार सुटतोच आहे. 2021 साली महाडजवळ तळिये, 2023 साली खालापूरजवळ इर्शाळवाडी. नावं विसरता येत नाहीत.

दगड पुन्हा तुमच्या काळात आला आहे. सकाळचे नऊ वाजले, ऊन सोंडेवरून पदरावर आलं आहे. दूर घळीच्या आतून शीळकरी कस्तुरानं माणसासारखी शीळ घातली. दगडावरून उठा आणि घळीच्या ओठाशी, कारवीच्या बुंध्यांत, वाकून पाहा. पिशाचं एक रोप आहे, दीड हात उंच. पानांची खालची बाजू पांढुरकी. ते कुणी लावलेलं नाही. आतल्या एखाद्या झाडाची बी, कुणा पाखराच्या पोटातून आली असावी. बाजूला याच शिमग्यात लागलेल्या वणव्याची काळी रेघ आहे. रोपापासून चार पावलांवर ती थांबली, कारण तिथे जमीन ओली होती.

याला खत नको, पाणी नको, वृक्षारोपणाचा फलक नको. त्याच्या वरच्या घळीतून रस्त्याचा मलबा खाली लोटला जाऊ नये, आणि पुढची पंधरा-वीस वर्षं या उताराला आग लागू नये, एवढंच हवं आहे. तुम्ही गावात असाल, ग्रामसभेत बसत असाल, तर घळीच्या तोंडावर मुरूम टाकायचा ठराव येईल तेव्हा उभे राहा. आणि नुसते भटके असाल तर फेब्रुवारी ते मे या दिवसांत डोंगर चढताना काडीपेटी खाली ठेवून या.

उतरताना वाट तीच आहे. सागाची पानं तशीच मोडतील. जूनचा पहिला पाऊस आता आठ-दहा दिवसांवर आहे.